वऱ्हाडचे रस्ते, वेग आणि संताप : बेदरकार चालकाशी गाठ पडल्यास काय करावे?

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांचे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर या दोन शहरांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला आणि या कामाची नोंद गिनेस बुकात झाली. यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली प्रस्थापित झाला होता. ज्या रस्त्यावरील खड्ड्यांनी वऱ्हाडातील प्रवाशांची कंबर अनेक वर्षे मोडली, तोच रस्ता आता गुळगुळीत झाला. जुन्या पिढीतील लोक या रस्त्यास आजही 'सहा नंबरचा हायवे' म्हणूनच ओळखतात.

रस्ता सुधारला ही समाधानाची बाब आहेच. परंतु रस्त्यासोबत वेगही वाढतो, आणि या वेगाची सवय नसलेली वाहतूक त्याच रस्त्यावर असते. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वरुड-मोर्शीकडून संत्रा घेऊन येणारे मालट्रक, शेतातून परतणाऱ्या बंड्या, खच्चून भरलेल्या काळी-पिवळी गाड्या, एस.टी.च्या बसेस, शेगावकडे पायी निघालेल्या दिंड्या आणि या सर्वांतून वाट काढणारी मोटारसायकल, असे आपल्या रस्त्यांचे नित्याचे चित्र आहे. श्रावणात गांधीग्राम येथून पूर्णेचे जल घेऊन कावडधारी भाविक अकोल्याच्या श्रीराजराजेश्वर मंदिराकडे पायी येतात, त्या वेळी तर रस्ता हा प्रथम पायी चालणाऱ्यांचा असतो आणि नंतर वाहनांचा. अशा संमिश्र वाहतुकीत एकाने घाई केली की दुसऱ्याच्या जिवावर बेतते. त्यातून वाद उद्भवतो आणि काही वेळा तो वाद अपघाताहूनही घातक ठरतो. 'गाडीला कट लागला' या क्षुल्लक कारणावरून हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांतून वारंवार वाचतो. अशा प्रसंगी सामान्य नागरिकाने कसे वागावे, कायद्याने त्याला कोणते संरक्षण दिले आहे आणि त्याच्यावर कोणती जबाबदारी टाकली आहे, याची माहिती येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. देशातील एकूण अपघाती मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग हे कारण नोंदविण्यात आले आहे. याचा अर्थ असा की, या मृत्यूंपैकी फार मोठा भाग दैवाधीन नसून चालकाच्या वर्तनाशी निगडित आहे.

अतिवेगाने नेमके काय साधते, याचा हिशेब प्रत्येक चालकाने एकदा करून पाहावा. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे १०० किलोमीटर धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने ते ७५ मिनिटांत तोडता येते. वेग ताशी १०० किलोमीटर ठेवल्यास ६० मिनिटे लागतात. म्हणजे संपूर्ण प्रवासात वाचणारा वेळ अवघा १५ मिनिटांचा, आणि बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू येथील गर्दीत तोही पुष्कळदा हातचा जातो. उलट धोका किती वाढतो ते पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगातील गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे मानले, तरी कोरड्या व चांगल्या रस्त्यावर ती गाडी थांबावयास एकूण ५५ ते ६० मीटर लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगात हेच अंतर ८० मीटरांच्या पुढे जाते. टक्कर झालीच तर आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट झाला तर आघात दीडपटीहून अधिक होतो. पंधरा मिनिटांसाठी मोजावी लागणारी ही किंमत आहे.

संताप कोठून येतो?

रस्त्यावरील रागाला इंग्रजीत 'रोड रेज' असे म्हटले जाते. हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला. मात्र त्यामागील मनोवृत्ती आपल्याला अपरिचित नाही. घरी वा कचेरीत सौम्य असणारा मनुष्य गाडीत बसताच अधीर होतो, हे आपण पाहतोच. त्याची कारणे साधी आहेत. समोरच्या गाडीतील माणसाचा चेहरा आपणास दिसत नाही; दिसते ती केवळ अडथळा आणणारी गाडी. त्यामुळे त्याच्या चुकीमागे नवखेपणा, आजारपण किंवा गाडीतील रडणारे मूल असू शकेल, हा विचार मनात येत नाही. उशीर झालेला असतो, झोप अपुरी असते, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की सहनशक्तीही आटते. त्यात कोणी पुढे जाऊन 'कट' मारला, तर तो आपला अपमान आहे असे वाटू लागते. बरोबर मित्र असले की मागे हटणे म्हणजे कमीपणा, अशी चुकीची भावना बळावते.

या भावनेचा शेवट कोठे होऊ शकतो, याचे एक उदाहरण देशापुढे आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पंजाबमधील पतियाळा येथे गाडी उभी करण्याच्या वादातून मारहाण झाली आणि त्यात एका ६५ वर्षीय गृहस्थाचा मृत्यू झाला. या प्रकरणी माजी क्रिकेटपटू व राजकीय नेते नवज्योतसिंग सिद्धू यांच्यावर खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना एक हजार रुपये दंड केला. पुढे फेरविचार याचिकेवर १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्षाच्या सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. काही मिनिटांच्या वादाने एका कुटुंबाने कर्ता माणूस गमावला आणि दुसऱ्याच्या आयुष्यावर तेहतीस वर्षे खटल्याची छाया राहिली. हा वाद जिंकला कोणी, असा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाही.

मार्गावर असताना

बेदरकार चालकाशी गाठ पडल्यास पहिले तत्त्व हे की, त्याला सुधारण्याचे काम आपले नाही. आपले काम स्वतः व आपल्या गाडीतील माणसे सुखरूप पोहोचविण्याचे आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मागील वाहन अगदी जवळ येऊन सतत हॉर्न वाजवीत असेल किंवा दिव्यांचा अप्पर-डिप्पर करीत असेल, तर डाव्या बाजूस सरकून त्याला वाट द्यावी. त्याला धडा शिकविण्यासाठी अचानक ब्रेक दाबणे हा अपघातास निमंत्रण देणारा प्रकार असून नियमबाह्यही आहे. सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याशिवाय एकाएकी ब्रेक लावू नये आणि पुढील वाहनापासून पुरेसे अंतर ठेवावे, असे वाहन चालविण्यासंबंधीचे नियम सांगतात. २०१७ मध्ये अंमलात आलेल्या मोटार वाहन (चालन) विनियमांनुसार, कोणी आपल्याला मागे टाकून पुढे जात असताना आपला वेग वाढवून त्याला अडविणे हेही निषिद्ध आहे. पुढील गाडी ज्या झाडाजवळून किंवा खांबाजवळून गेली, तेथे आपण दोन सेकंदांनंतर पोहोचावे, हा अंतर राखण्याचा सोपा उपाय आहे. पावसाळ्यात हे अंतर दुप्पट करावे.

कोणी खुन्नस देत असेल, हातवारे करीत असेल किंवा शिवीगाळ करीत असेल, तर त्याच्याकडे पाहू नये आणि प्रत्युत्तर देऊ नये. नजरेला नजर भिडली की वाद व्यक्तिगत होतो. आपलीच चूक झाली असेल तर हात वर करून ती मान्य करावी. 'चुकलं भाऊ माह्यं' एवढ्या तीन शब्दांनी वऱ्हाडात अनेक भांडणे जागच्या जागी मिटली आहेत, आणि त्यात कोणाचीही प्रतिष्ठा उणी झालेली नाही.

एखादे वाहन हेतुपुरस्सर पाठलाग करीत असेल, तर निर्जन ठिकाणी थांबू नये आणि थेट घरीही जाऊ नये. आपले घर त्याला माहीत होऊ देणे अनुचित ठरते. पोलीस ठाणे, पेट्रोल पंप, टोल नाका किंवा बसस्थानक अशा वर्दळीच्या व उजेडाच्या जागी गाडी न्यावी. दारे बंद व काचा वर ठेवून ११२ या क्रमांकावर साहाय्य मागावे. समोरच्याने गाडी आडवी लावली तरी स्वतः खाली उतरू नये. दुचाकीस्वाराला बंद काचांचे संरक्षण नसते. म्हणून त्याने शिरस्त्राण न काढता जवळच्या दुकानात किंवा लोकांच्या घोळक्यात जावे.

तक्रार कशी करावी?

बेदरकार चालकाला मोकळे सोडावे, असा याचा अर्थ नाही. त्याला जाब विचारण्याचा अधिकार कायद्याने यंत्रणेकडे सोपविला आहे. नागरिकाने यंत्रणेला अचूक माहिती पुरवावी. वाहनाचा क्रमांक, प्रकार व रंग, घटनेची वेळ, जाण्याची दिशा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा एवढी माहिती तक्रारीस पुरेशी ठरते. मात्र वाहन चालविताना मोबाईल हातात घेऊन चित्रण करू नये. ते काम सहप्रवाशाने करावे अथवा गाडी सुरक्षित जागी थांबवून क्रमांक लिहून घ्यावा. राष्ट्रीय महामार्गावरील अडचणींसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

घटना अकोला जिल्ह्याच्या हद्दीत घडली की अमरावती जिल्ह्याच्या, असा प्रश्न महामार्गावर नेहमी पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मूर्तिजापूरजवळ घडलेल्या अशा घटनेची खबर अमरावतीला पोहोचून दिली, तरी ती नोंदवून घेऊन संबंधित ठाण्याकडे पाठविण्यात येते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. या अधिनियमाच्या कलम १८४ नुसार धोकादायकपणे वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत अपराध पुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो आणि दंड दहा हजार रुपये होतो. लाल दिवा ओलांडणे, हातात मोबाईल धरून गाडी चालविणे, नियम डावलून पुढे जाणे आणि विरुद्ध दिशेने वाहन हाकणे या सर्वांचा समावेश आता याच कलमात आहे. पुढील चौकापर्यंतचा वळसा टाळण्यासाठी महामार्गावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वारांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यास कलम १८५ अन्वये पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यासही दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंडास पात्र ठरतो.

भांडणासंबंधीच्या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेत. एखाद्याची वाट अडविणे हा कलम १२६ खालील, इजा पोहोचविणे हा कलम ११५ खालील, धमकी देणे हा कलम ३५१ खालील आणि शांतताभंग व्हावा या हेतूने अपमान करणे हा कलम ३५२ खालील अपराध आहे. गाडीची काच फोडणे कलम ३२४ खाली येते. एस.टी.चे चालक व वाहक हे कर्तव्यावर असताना कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक ठरतात. त्यांना कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी अंगावर हात टाकल्यास कलम १३२ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बस थांबवून चालकाला खाली ओढणाऱ्या व्यक्तीने बसमधील पन्नास प्रवाशांचाही खोळंबा केलेला असतो, हेही विसरता येणार नाही.

अपघातानंतरचा जमाव

या विषयाची सर्वांत नाजूक बाजू अपघातानंतर समोर येते. अपघात झाला की गर्दी जमते आणि जखमीकडे पाहण्याऐवजी चालकावर हात चालविला जातो. परिणामी अनेक चालक जिवाच्या भीतीने पळून जातात, जखमी तसाच पडून राहतो आणि उपचाराचा पहिला मोलाचा तास वाया जातो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ ने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे. मात्र त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसल्यास, असा अपवादही नमूद आहे. जमावाचा राग हे वास्तव आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. अशा चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी, असे बंधन आहे.

हाच प्रश्न जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर गाजला. अपघात करून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये करण्यात आली होती. त्याविरुद्ध मालट्रक चालकांनी संप पुकारला आणि अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा पकडतो, अशी चालकांची व्यथा होती. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करताना हे उपकलम अंमलबजावणीतून वगळण्यात आले. तथापि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणाऱ्यास कलम १०६ (१) अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहेच. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती.

चालक थांबावा असे वाटत असेल, तर त्याला थांबता येईल असे वातावरण निर्माण करणे ही रस्त्याकाठच्या गावांची जबाबदारी आहे. गावातील चार जाणत्या माणसांनी पुढे होऊन चालकाला बाजूस बसवावे, दोघांनी वाहतूक सुरळीत करावी आणि इतरांनी जखमीकडे धाव घ्यावी. चालकाचा गुन्हा न्यायालय ठरवील. परंतु जखमीचा श्वास न्यायालयाची वाट पाहत नाही.

जखमीस मदत केल्यास आपणच चौकशीच्या फेऱ्यात सापडू, ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्या नागरिकांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे त्यांना कायद्याचे कवच दिले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, तसेच त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीस पहिल्या मोलाच्या तासात रुग्णालयात पोहोचविणाऱ्या व्यक्तीस 'राहवीर' योजनेखाली २५ हजार रुपयांचे पारितोषिक देण्याची योजना २०२५ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या दुसऱ्या एका योजनेनुसार, रस्ते अपघातातील जखमीस निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळू शकतात. त्यामुळे अमरावतीचे इर्विन असो वा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, जखमीला तेथवर नेण्यास पैशांच्या विवंचनेने विलंब करू नये. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे चौकशी करावी.

आपला वाटा

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. बेदरकार चालक म्हणजे नेहमी दुसराच कोणी तरी, असे आपण समजतो. परंतु राजकमल चौकात दिवा हिरवा होण्यापूर्वीच हॉर्न वाजविणारे, रात्री समोरच्या वाहनासाठी दिवे खाली न करणारे, ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक लावण्यास चालढकल करणारे आणि मुलाच्या हाती किल्ली देऊन त्याचे कौतुक करणारे हात आपल्यातीलच असतात. घरून दहा मिनिटे लवकर निघणे, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी विश्रांती घेणे, रागाच्या भरात किल्ली हाती न घेणे आणि शेजारी बसलेल्याने चालकाला चिथावण्याऐवजी शांत करणे, हे उपाय बिनखर्चाचे असून प्रत्येकाला शक्य आहेत.

ज्या वऱ्हाडात गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले आणि तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून सामुदायिक शिस्तीचा धडा दिला, त्या भूमीतील रस्त्यांवर संयम नांदणे अशक्य नाही. उत्तम रस्ता बांधण्याचा विक्रम यंत्रांनी व मजुरांनी १०५ तासांत केला. त्या रस्त्यावरून प्रत्येक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतेल, हे पाहण्याचे काम मात्र दररोजचे आहे, आणि ते आपणा सर्वांनाच करावयाचे आहे.